गेरूची फुली

ऊन कडा उतरून खालच्या टप्प्यावर आलं तेव्हा सूरजमणीने पहिलं झाड पाडलं होतं. सफरचंदाच्या बाराही झाडांवर तिने कालच गेरूने फुल्या मारल्या होत्या. झाडांमधल्या जागेत खड्डे तयार होते आणि ओल्या शेवाळात गुंडाळलेली नवी रोपं बांधाशी आडवी पडली होती. ती आज मातीत गेली नाहीत तर सुकणार.

शेवटच्या झाडाला टेकून तिचा सासरा बसला होता. घरात सगळे त्याला तेते म्हणत. बारांत पिवळ्या सफरचंदाचं झाड ते एकच. सगळी त्याच्या हातची, मुलगा जन्मला त्या सालची. मुलगा आता राहिला नव्हता. बाग आणि दोन नाती सुनेच्या अंगावर होत्या. तीन हिवाळे बर्फाने पाठ फिरवली होती आणि थंडीवाचून झाडं लिंबाएवढी फळं धरून गाळून टाकत होती. नवी रोपं कमी थंडीत भागवतात, असं तिने महिनाभर समजावलं होतं. तेतेने नाही म्हटलं नव्हतं.

चौथं झाड पडलं, यंत्राची करवत थांबली, तेव्हा वरच्या वाटेने शेजारचा विद्यासेन आला. त्याने पाच वर्षांपूर्वी एकाच हिवाळ्यात सगळी बाग तोडून नवी लावली होती. ‘प्रगतिशील बागवान’ अशी पाटी अजून फाटकावर होती. पिवळं बाजारात कुणी विचारत नाही म्हणून तीही झाडं त्याने ठेवली नव्हती. आता त्याची बाग वाटसरू थबकावेत अशी फुलायची आणि फुलून मोकळी व्हायची. पाटीला यंदा किती पेट्या लागल्या, असं गाव त्याला विचारी.

“मणी, फुलोऱ्याला या पिवळ्याच्या चार फांद्या दे. बाटल्यांत घालून माझ्या झाडांत टांगीन. मधमाश्यांना परका पराग मिळेल, फळ धरेल.” मग त्याला फुली दिसली. “हेही?”

“रोपवाला म्हणाला, नव्यांना याची गरज नाही.”

“मलाही तेच म्हणाला होता,” विद्यासेन म्हणाला आणि चालू लागला.

सूरजमणीने करवत उचलली. तेते जागचा हलला नाही.

“इथं भाकरीच्या ओगल्याचं शेत होतं,” तो म्हणाला. “मी ही झाडं लावायला आलो तेव्हा माझा बाप असाच धसकटात बसला होता. मी त्याला उचलून बाजूला ठेवला.”

“चुकलात का मग?”

“छे. बरोबर होतं माझं. पण वरची ओगल्याची एक पट्टी म्हाताऱ्याने सोडली नाही. दरड पडून रस्ता अडला, त्या साली आपण तीच खाल्ली.” त्याने दोन्ही हात तिच्यापुढे धरले. “उचलतेस?”

तिने करवत खाली ठेवली.

“अकरा आजच पडणार, तेते.”

“पडू देत की. मी काय अकरांना टेकलोय?”

पाट अजून सुटला नव्हता, फुली पुसायला पाणी नव्हतं. बांधाच्या सावलीत हुडकून हुडकून तिला ओंजळभर बर्फ सापडला. तेतेच्या टोपीच्या वर दिसणारी खोडावरची फुली तिने घासली. खोड पुरतं साफ झालं नाही. बर्फ मात्र लाल झाला.

पहिलं रोप खड्ड्यात उभं करून तो तिने त्याच्या मुळाशी दाबला, वर माती लोटली आणि करवत सुरू केली.