बावीस नंबरचे बिल्ले

दुपारी दीड वाजता जहाजाने व्होल्गाकाठच्या प्ल्योस गावाचा धक्का सोडला. एकशे अठ्ठ्याऐंशी प्रवाशांचे बिल्ले फळ्यावर परत आले होते. प्रवासी मात्र एकशे सत्त्याऐंशीच होते.

उतरताना प्रत्येकाने केबिनच्या नंबराचा पत्र्याचा बिल्ला न्यायचा आणि चढताना फळ्यावर अडकवायचा, असा या जहाजाचा रिवाज. वेनियामिन वस्तू हरवतो, म्हणून बावीस नंबरचे दोन्ही बिल्ले त्याची बायको रिम्मा सेर्गेयेव्ना स्वतःच्या पर्समध्ये ठेवी. आज ती एकटीच चढली आणि सवयीने दोन्ही अडकवून मोकळी झाली.

दोन वाजता जेवायला बसले तेव्हा टेबलाची चौथी खुर्ची रिकामी होती. समोर पेर्मचा गेन्नादी आणि त्याची बायको आल्बिना.

"काय हो रिम्मा सेर्गेयेव्ना, नवऱ्याला व्होल्गेत ढकललंत की काय?" गेन्नादीने विचारलं.

"गप रे! जेवताना तरी," आल्बिना म्हणाली.

"तो मासा आणायला गेलाय," रिम्मा म्हणाली. "धुरी दिलेला."

"कुठे?"

"प्ल्योसमध्ये."

आल्बिनाचा चमचा हवेतच राहिला. "अगं बाई! जहाज सुटून अर्धा तास झाला की!"

"हो." रिम्माने ब्रेडचा तुकडा मोडला. सूपमध्ये मीठ कमी होतं. तिने चिमूटभर घालून घेतलं.

आल्बिनाच धावत जाऊन जहाजाची व्यवस्थापक झोया हिला घेऊन आली.

"घाबरू नका," झोया म्हणाली. "दर फेरीला एखादा राहतोच. टॅक्सी करतात, आमच्याआधी पुढच्या धक्क्यावर पोचतात, आणि वर आम्हालाच विचारतात, एवढा उशीर का. फोन लावा त्यांना."

"त्याचा फोन केबिनमध्येच आहे. चार्जिंगला."

"जहाज सुटलं हे त्यांना कळलं तरी असेल ना?"

"कळलं. मी खिडकीतून पाहिलं. काठावर उभा होता. काखेत कागदात गुंडाळलेला मासा."

"मग धावले नाहीत ते? हाक नाही मारली?"

"नाही."

"आणि तुम्ही?"

रिम्माने हातातला ब्रेड सूपमध्ये बुडवला.

"मीही नाही," ती म्हणाली. "त्याचे गुडघे दुखतात."

गेन्नादी काहीतरी बोलणार होता. आल्बिनाने टेबलाखालून त्याला पाय मारला.

चार वाजून वीस मिनिटांनी झोयाने चौकशी केली होती त्या प्ल्योसच्या धक्क्यावरच्या पहारेकऱ्याचा तिला फोन आला. ती निरोप घेऊन बावीस नंबरमध्ये आली. त्या वर्णनाचा माणूस दोन तास धक्क्यावरच्या बाकावर बसला होता. त्याने कागद उलगडून मासा खाल्ला, नदीत हात धुतले आणि तो चारच्या बसने इवानोवो शहराला गेला.

"सगळा खाल्ला?" रिम्माने विचारलं.

"असं म्हणाला तो."

"एकट्याने," रिम्मा म्हणाली.

इवानोवोहून दोन्हीकडे बसगाड्या जातात. एक निझ्नीला, जिथे जहाज उद्या दुपारी लागणार आहे. दुसरी यारोस्लाव्हलला, जिथे त्यांचं घर आहे. त्या माणसाने पुढच्या बसचं काही विचारलं नाही, असं पहारेकरी म्हणाला.