बर्फातली मोहरी

कापसातून हिरवे कोंब वर आलेले दिसले आणि सुभेदार निकमांचा आवाज अंगणभर घुमला, “शालन, इथं मोहरी कुणी टाकली?”

दिवाळीच्या किल्ल्याऐवजी यंदा त्यांनी अंगणात बर्फातली ती चौकी उभारली होती, जिथं कडा कोसळून त्यांचा मुलगा धैर्यशील चार जोडीदारांसह गेला. फोटो बघून बघून त्यांनी दगडमातीचा डोंगर, तंबू, दोर, सगळं मापात बसवलं होतं. बर्फ म्हणून वर कापूस अंथरला होता. बाजारातून आणलेल्या पाच मावळ्यांना पांढरे कोट रंगवले होते. उद्या धैर्यशीलच्या पलटणीतली माणसं बघायला येणार होती.

“मीच टाकली,” बायको म्हणाली. “किल्ल्याची माती लिंपली की मोहरी टाकायची, हाताला सवयच आहे. नंतर काढावीशी वाटली नाही.”

“अगं, तिथं गवताची काडी उगवत नाही! लोक हसतील.” ते कोंब उपटायला खाली वाकले.

“ठाऊक आहे. शेवटच्या फोनवर तो तुम्हालाच म्हणाला होता ना, आबा, हिरवं बघायला डोळे आसुसलेत म्हणून?”

सुभेदारांचा हात तिथंच थांबला. त्यावर आपण काय बोललो होतो, ते त्यांना शब्द न्‌ शब्द आठवलं. ‘फौजेत काय बागेत फिरायला गेलायस?’ पोरगं नुसतं हसलं होतं.

त्या पाच मावळ्यांसमोर उकिडवे बसून त्यांनी कोंबांभोवतीचा कापूस बोटानं हलकेच बाजूला सारला.

मग मान वर न करता म्हणाले, “डब्यात अजून आहे का गं मोहरी?”