शेवंतीचा पहिला तोडा

माझा थोरला भाऊ राघवेंद्र आज सकाळी तापात वारला. पण ते अजून घडलेलं नाही, असं धरून चालायचं. आईचा तसा हुकूम आहे.

आई स्वतः सोवळी. अप्पा गेले तेव्हापासून न्हावी दर महिन्याला तिचं डोकं भादरून जातो. केसांत माळायच्या फुलांसाठी उणकलहून रोपं आणून परसात वाफे करणारी सून तिला कधीच पटली नव्हती. 'त्यापेक्षा वांगी लाव,' हे तिचं रोजचंच.

तिने मुलाचे डोळे मिटले, खोलीचं दार ओढून घेतलं आणि परसातल्या पायरीवर येऊन बसली. वैनी पाणी घालत होती. शेवंती पहिल्यांदाच फुलली होती.

"ताप उतरला का हो यांचा?" तिने विचारलं.

"उतरला," आई म्हणाली. "फुलं तोड. सगळी."

"देवाला नकोत?"

"देवाला आज काही नको. वेणी कर आणि इथंच माळ."

वैनी माझ्याकडे बघून हसली. "आत्याबाईंना झालंय काय, भावोजी?"

"वय," मी म्हणालो.

वैनीने वेणी माळली. आईने आत जाऊन आरसा आणला आणि तिच्यासमोर धरून बसली. 

तरी समस्त नातलग, भटजी व न्हावी यांस नम्र विनंती की, सदर फुलं आपोआप सुकेपर्यंत वैनीच्या केसांत राहू द्यावीत, व सदर केस तिच्या डोक्यावर.