नदीने नेलेला

बुडून मेलेल्याची चैन असते. घरात मेलेल्या गरिबाला वाळूत खड्डा आणि वर फार तर एक चटई. पण नदीने नेलेला माणूस ज्या गावाच्या काठाला लागेल, त्या गावाने त्याचा देह सरदाराच्या इतमामाने टिकवायचा. उंची खार, राळ, तलम कापड, रंगवलेली पेटी, सगळं गावाच्या माथी. नदी म्हणजे देव. तिने निवडलेल्या माणसाला हातसुद्धा पुजाऱ्यांनीच लावायचा, पोटच्या पोराने नाही.

जेधोर चटईवाल्याने वडलांच्या आजारपणात हा हिशेब पुष्कळदा मांडून पाहिला होता. हिशेब चोख होता. अडचण इतकीच, की म्हातारा पामी अंथरुणाला खिळलेला होता, आणि धड असताना तो गावात सगळ्यांत चांगला पोहायचा.

पामीला मरणाचं भय नव्हतं, वाळूचं होतं.

"कोल्हे उकरतात रे," तो म्हणायचा. "देहच राहिला नाही तर मेल्यावर पश्चिमेच्या देशात मला ओळखणार कोण? तू ओळखशील?"

"ओळखीन, बाबा."

"कशावरून? खोकल्यावरून?"

एका पहाटे तो खोकला थांबला. जेधोरची बायको रुरू उठली, तिने सासऱ्याच्या छातीला कान लावला, थोडा वेळ तसाच ठेवला आणि मान हलवली.

"गेले मामंजी."

जेधोरचा हुंदका वर आला. रुरूने त्याच्या तोंडावर हात दाबला.

"आता गळा काढलात तर वाळूच. शेजारीण एकदा आत आली, की घरात मेले ते घरातच मेले."

"जरा थांबू या. अंग अजून गरम आहे गं."

"या दिवसांत दगडसुद्धा गरम असतो. उठा."

पामी चटईत गुंडाळला गेला. जेधोर रोज लव्हाळे कापायला निघायचा, तसाच होडगं घेऊन निघाला. वाटेत एका कोळ्याने हाक मारून विचारलं, आज इतक्या लवकर? जेधोर काहीतरी बोलला. काय, ते त्याचं त्यालाही आठवलं नसतं. वळणापलीकडे त्याने चटई उलगडली आणि बापाला पाण्यात सोडलं. मागे वळून बघायचं नाही असं रुरूने बजावलं होतं. ते त्याने पाळलं.

दुपारी पामी देवळाच्या घाटाला लागला. आरडाओरडा झाला, गर्दी जमली, आणि जेधोरला एकदाचं रडता आलं. तो इतका रडला की बायकांनी त्याला पाणी पाजलं. त्यात खोटं काही नव्हतं. पुजारी म्हाताऱ्याला उचलून काठावरच्या तंबूत घेऊन गेले, आणि सगळं सुरळीत पार पडणार असं वाटत असतानाच कारभारी हारवा आला. गावाचं भांडार त्याच्या ताब्यात, म्हणजे कापड जाणार ते त्याच्या हातून.

"काय रे चटईवाल्या, तुझा बाप तर उठतही नव्हता ना?"

"कालपासून जरा बरं वाटत होतं, मालक. लव्हाळे बघून येतो म्हणाले."

"बरं वाटलं, म्हणून बुडाला. आणि तोही पोहणारा."

"वय झालं होतं."

"मागे एक आजीबाई अशाच बऱ्या होऊन बुडाल्या होत्या," हारवा म्हणाला. "आम्हाला कळलं ते कापड गुंडाळून झाल्यावर. या खेपेला आधी छाती उघडू दे. बुडालेल्याच्या छातीत नदी असते. नसली, तर तुझा बाप वाळूत, आणि तुझं नाक माझ्याकडे."

लोक हसले. जेधोरही हसला, कारण न हसणं डोळ्यांवर आलं असतं.

मग वाट बघणं सुरू झालं. तंबूतून मंत्र ऐकू येत होते. जेधोरचा हात सारखा नाकाकडे जात होता.

"हात खाली घ्या," रुरू पुटपुटली. "लोक बघतायत."

"नाकाचं सोड. बाबांना वाळूत घातलं तर?"

"घातलं तर घातलं. तुम्ही केलं ते त्यांच्यासाठीच केलंत ना?"

एकाएकी तंबूचा पडदा उडाला आणि कूस चिरणारा पुजारी पळत बाहेर आला. मेलेल्या अंगावर पातं चालवणं हे पाप, मग ते कामच का असेना. म्हणून रिवाजाप्रमाणे लोकांनी त्याला शिव्या घालत खडे मारले. पळता पळता तो ओळखीच्यांना 'जरा हळू रे' म्हणत होता. जेधोरनेही खडा मारला. तो नेमका बसला.

आता छाती उघडत असतील. मनातल्या मनात तो म्हणाला, बाबा, एवढी एक लबाडी पदरात घ्या. थोडं पाणी तरी गेलेलं असू दे आत.

मुख्य पुजारी नेसमिन हात पुसत बाहेर आला. त्याने जेधोरकडे पाहिलंच नाही, थेट हारवाकडे गेला.

"कारभारी, कापड काढ. तलमातलं तलम."

"नीट बघितलंस?"

"घशात गाळ, छातीत गाळ. दोन्ही फुप्फुसं गच्च भरलीयत."

"मेल्यावरही शिरत असेल की पाणी."

"मेलेला माणूस श्वास ओढत नाही, हारवा. हा पाण्यात पडला तेव्हा जिवंत होता, आणि झुंजलाय चांगलाच. इतका गाळ मी तरण्याताठ्या गड्याच्या छातीतही पाहिलेला नाही."

हारवा जेधोरपाशी आला, त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "चुकलं माझं, गड्या. नाक तुझं तुला लखलाभ."

कापड गावाने भरलं, राळ देवळाने भरली. बाकीचं पामीने सकाळीच भरून टाकलं होतं.