खाडीकाठची जागा

दुष्काळाच्या साली सगुणा नवऱ्यासोबत, आठ वर्षांच्या ठकीला घेऊन घाट उतरली आणि कल्याणला खाडीकाठी भावाकडे राहिली. रोज मासळी-भात मिळू लागल्यावर पोरीच्या गालांवर रंग आला. “गावी आता काय उरलंय? इथंच राहू,” नवरा म्हणाला. सगुणालाही तेच हवं होतं. एका सकाळी वहिनीनं ठकीच्या हातांत हिरव्या बांगड्या भरल्या. पोर हरखली. “राहा की, वन्सं. झोपडीला जागा देऊ, मिठागरावर काम देऊ,” वहिनी म्हणाली. “फक्त ठकी माझ्या थोरल्या भावाला द्या. त्याची तिसरी बायकोही गेली.” त्या बोळक्या तोंडाच्या माणसाला सगुणानं पाहिलं होतं. “दादा, तू तरी बोल!” भाऊ चिलीम भरत राहिला. नवऱ्यानं घसा खाकरला. “जागेला भरतीचं पाणी लागत नाही ना?” तो जागा बघायला गेला. सगुणानं ठकीसह उपाशी गावाची वाट धरली.