घरात कोणी नाही

आईचा डोळा एकदाचा लागला तेव्हा चिमी पलंगाशेजारच्या खुर्चीत बसली होती आणि उठायची तिची छाती होईना. रात्रभर दोघींनाही झोप नव्हती. खुर्ची तर अशी नाठाळ, की जरा कुठे अंग हलवलं तरी कुरकुरायची. चिमी बसून राहिली. चहाची तल्लफ आली, ती गिळली. सिंकमधली भांडी आठवली, ती सोडून दिली.

चिमी पन्नाशीला आली होती. तिला चिमी म्हणणारी दोनच माणसं आता उरली होती. एक समोर झोपलेलं, आणि दुसरा तिचा दादा, विमानाशिवाय गाठता न येणारा.

पलंगासमोरच्या भिंतीवर घरातल्या हीटिंगचा नवा थर्मोस्टॅट होता, दादाच्या पसंतीचा. हा म्हणे स्मार्ट. घर कधी आणि किती तापवायचं ते त्याचं तो बघायचा आणि सगळी खबर दादाच्या मोबाईलवर पोचवायचा. फिटरने तो वापरून बघायला म्हणून लावून दिला होता. नाहीच पटला तर गोल बटणाचा साधा थर्मोस्टॅट बाहेर खोक्यात होता. कुठला ठेवायचा हे विचारायला फिटर आज येणार होता. दादाने तर कधीच ठरवून टाकलं होतं. "तुला आता उठायलासुद्धा नको. मी इथून सगळं बघतो," तो म्हणाला होता. चिमीला खरं म्हणजे विचारायचं होतं, आठवडाभर येतोस का, मी जरा झोपेन. पण त्या यंत्राच्या कौतुकात ते राहूनच गेलं.

बसल्या बसल्या तिची पावलं गार पडली. मग नाकाचा शेंडा. हीटिंग बंद झालं होतं की काय कोण जाणे. आईच्या अंगावर दोन ब्लँकेटं होती, तेव्हा आपलं आपण सोसावं असं म्हणून ती तशीच राहिली.

तेवढ्यात मांडीवरचा फोन थरथरला. दादा! भर कामाच्या दिवशी, तोही आपणहून.

"चिमे, आहेस कुठे तू?"

"घरी," ती कुजबुजली.

"थापा मारू नकोस. घरात कोणी नाही असं दाखवतंय इथे. हीटिंगसुद्धा बंद केलंय त्याने. आईला एकटीला टाकून भटकतेस कुठे?"

एरवी तिने त्याला चांगलं फैलावर घेतलं असतं. आज तेवढंही त्राण नव्हतं. नुसतं डोळ्यांत पाणी आलं.

"आईजवळ बसलेय रे. ती झोपलीय. मी हललेच नाही."

मग जीव भांड्यात पडल्यासारखा तो हसला. "अगं, कोणी हलताना दिसलं नाही की त्याला घर रिकामं वाटतं. अधूनमधून हात हलवत जा ना."

चिमीने भिंतीकडे बघून हात वर केला. थर्मोस्टॅटवर हिरवा दिवा लागला.

"हां, आलीस बघ आता," दादा म्हणाला.

खुर्ची कुरकुरली होतीच. आई जागी झाली. "त्याचा फोन?" तिने विचारलं आणि हात पुढे केला.

मघाच्या बोलण्याची दादाला लाज वाटली असावी, कारण तो भरपूर बोलला. जेवतेस का, पाय दुखतो का, नातीने केस किती बारीक कापलेत. आई नुसतं हो रे, नाही रे करत होती. पण तिचा चेहरा असा फुलला होता, की इतके महिने चमच्याने भरवून, अंग पुसून चिमीला तो तसा एकदाही बघायला मिळाला नव्हता. चिमीला बरं वाटलं. आणि लागलंही.

फोन ठेवल्यावर थोड्या वेळाने फिटर आला. चिमीने झाला प्रकार सांगितला, तसं त्याने मान डोलावली.

"अंथरुणाला खिळलेलं माणूस असलं की होतं असं, ताई. काढतो हा. साधाच लावू. बटण हाताने फिरवायचं, डोक्याला ताप नाही."

त्याने स्क्रू ड्रायव्हर बाहेर काढला.

"काढू नका तो!" पलंगावरून आई म्हणाली. एवढा मोठा आवाज तिच्यात शिल्लक आहे हे चिमीला माहीतच नव्हतं.

"अगं, गारठशील ना," चिमी म्हणाली. "आपण हललो नाही तर तो हीटिंग बंद करतो."

"करू दे. पण त्याला कळवतो ना, घरात कोणी नाही म्हणून?"

फिटर एकदा आईकडे, एकदा चिमीकडे बघत उभा राहिला. चिमीने भिंतीवरच्या त्या दिव्याकडे पाहिलं. उपटून खिडकीबाहेर भिरकावून द्यावा असं तिला फार वाटलं.

"राहू द्या," ती म्हणाली.

फिटर खोकं उचलून गेला. दार लावून चिमी परत आली, खुर्चीत टेकली आणि मग आठवण होऊन पुन्हा उठायला लागली. "चहा टाकते. दोघींनाही बरं वाटेल."

आईने ब्लँकेटमधून हात काढून तिचं मनगट धरलं.

"बस गं," आई म्हणाली. "आता हलू नकोस."