चिंध्यांतला माणूस

या, असे गुडघ्याला गुडघा लावून बसा. देवाचं नाव घेऊन एक गोष्ट सांगतो, आणि ती संपेपर्यंत कुणी उठायचं नाही.

बुरुलकाननं चिंध्यांचा ढीग उपसला, तर आत माणूस निघाला.

नुकतं उजाडलं होतं. ओश शहराच्या कडेला पाचमजली इमारतींच्या मागं कचऱ्याच्या पेट्या होत्या. तिथले फाटके कपडे वेचून ती गोधड्या शिवायची. बाटल्या धुऊन दूधवाल्यांना द्यायची, भाजीची सालं मेंढ्यांना घालायची. शिळे नान मात्र पाप लागेल म्हणून पेटीत कुणी टाकत नसे. पिशवीत बांधून बाहेर खिळ्याला अडकवत. ते ती गुरांसाठी न्यायची.

"वाया जावं असं देवानं काही घडवलंच नाही," हे तिचं पालुपद.

बायका तिला मानानं 'अपा' म्हणत, आणि चिडवायच्या, "अपा, मग आमच्या नवऱ्यांचं काहीतरी कर की!"

"आणा इकडं. उसवून बघते, आत चांगलं कापड निघालं तर!"

ढिगातल्या तरुणाचा जबडा मोडला होता. डाव्या हाताची बोटं कुणीतरी दगडानं ठेचली होती. श्वास तेवढा चालू होता. तिनं त्याला हातगाडीत घातलं, वर चिंध्या पसरल्या आणि घरी आणलं. फरशीखालच्या बटाट्यांच्या तळघरात निजवून, जुन्या चादरी फाडून त्याच्या जखमा बांधल्या. दवाखान्याचं नाव काढताच त्यानं धड हातानं तिचं मनगट आवळलं आणि मान हलवली. जबड्यामुळं एक शब्द फुटत नव्हता.

"वीस वर्षं फाटकं शिवतेय मी," ती म्हणाली, "तुलाही शिवीन."

तिसऱ्या दिवशी दुपारी दार लाथेनं उघडलं.

आत आलेल्या माणसाचे डोळे लाल होते, हाताची बोटं सोलपटलेली. मुठीत चाकू.

"कुठंय तो?"

"कोण, बाबा?"

थप्पड अशी बसली की बुरुलकान शिलाईयंत्रावर जाऊन आदळली. ओठ फाटला.

"थेरडे, पेट्या तूच उपसतेस. सगळे तुझंच नाव सांगतात. दरीत पिंपं ओतणाऱ्यांनी काय चारलंय तुला? बोल!"

पिंपांचं तिलाही ठाऊक होतं. हिवाळाभर कुणीतरी दरीत तेजाबाची पिंपं रिकामी करत होतं. ओढ्याचं पाणी पिऊन मेंढ्या तडफडून मेल्या. पण करतंय कोण, ते कुणाला कळलं नव्हतं.

तिनं फक्त ओठावरचं रक्त पुसलं. मग त्यानं एकेक गोधडी फाडली. कापूस घरभर उडाला. छताला टांगलेल्या पिशवीवर चाकू चालला आणि सगळे नान धडाधड खाली आले. तो त्यांच्यावरून चालत गेला. बुटाखाली पापुद्रे करकरले.

थप्पड खाऊन गप्प राहिलेली बुरुलकान तेव्हा किंचाळली, "नानवर पाय? अरे, देवाला तरी भी!"

"माझा देव तीन दिवसांपूर्वीच मेला," तो म्हणाला.

अडवायला आलेल्या शेजाऱ्याचे दोन दात पाडून तो निघून गेला.

ती तळघरात उतरली. वरचा सगळा आवाज तरुणानं ऐकला होता. तो शिडीकडं सरपटत होता, घशातून घरघरत होता, ठेचलेला हात भिंतीवर आपटत होता. पट्टीतून रक्त गळत होतं.

"गप, लेकरा, गप! गेला तो. पुन्हा आला तर माझ्या मढ्यावरून जाईल."

तो आणखीच जोरात आपटू लागला. शेवटी तिनं त्याला मिठीत दाबून धरलं आणि आवाज बाहेर जाऊ नये म्हणून तोंडावर हात ठेवला. तिची ओंजळ त्याच्या आसवांनी भिजली.

ऊन कलल्यावर दुसरा एक माणूस आला. पांढरी कल्पाक टोपी, स्वच्छ दाढी. दार मोडलेलं होतं, तरी त्यानं चौकटीवर टकटक केली.

"सलाम, अपा."

त्याची नजर जमिनीकडं गेली. तो गुडघ्यांवर बसला. नानचा एकेक तुकडा उचलून त्यानं धूळ फुंकली, ओठांना लावला, कपाळाला लावला आणि उंच फळीवर ठेवला. चुराही सोडला नाही.

"हे करणाऱ्याचे पाय झडोत," तो हळूच म्हणाला. "अपा, माझा भाचा हरवलाय. पिंपवाल्यांच्या आड आला म्हणून त्यांनी त्याला ठेचलं. तो चाकूवाला त्यांचाच. पुन्हा येईल तो."

बुरुलकान त्याच्या गुडघ्यांना लागलेल्या चुऱ्याकडं बघत राहिली. नानपुढं असं वाकणारा माणूस खोटं बोलेल? तिनं फरशीचं झाकण उचललं.

टोपीवाल्याला पाहताच तरुण एकदम शांत झाला. धडपड नाही, घरघर नाही. एकदाच त्यानं बुरुलकानकडं पाहिलं आणि डोळे मिटले.

आपलं माणूस दिसलं की जीव असा निवतो, असं तिला वाटलं. फाडाफाडीतून वाचलेल्या एकुलत्या एका गोधडीत तिनं त्याला गुंडाळलं. टोपीवाल्यानं त्याला स्वतः उचलून गाडीत ठेवलं आणि आपल्या छातीवर हात ठेवला.

"अपा, तुझ्यासारखी माणसं आहेत म्हणून जग टिकलंय."

गाडी दरीच्या रस्त्यानं उतरली. तिकडूनही शहराला वाट असेल, असं म्हणत बुरुलकाननं दुवा मागायला हात वर केले.

तुम्हीही हात वर कराल तेव्हा त्या चाकूवाल्याची, ओमुरझाकची, आठवण ठेवा. तो अजूनही ओशमधली एकेक पेटी उपसत आपल्या सख्ख्या धाकट्या भावाला शोधतोय.